बायबलमधला ‘इस्राएली’ कोण: वंशाने झालेला, की कराराने?

ताम्रपट

लेवीय पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मोशेच्या छावणीतल्या एका मारामारीची हकिकत आहे. भांडणाऱ्या दोघांपैकी एकाला मजकूर ‘इस्राएली पुरुष’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘इस्राएली स्त्रीचा मुलगा’. या दुसऱ्याचा बाप मिसरी, म्हणजे इजिप्तचा, आहे. आईचे नाव शलोमिथ, तिच्या बापाचे नाव दिब्री, वंश दान, एवढा तपशील लेखकाने टिपला आहे. मुलाचे स्वतःचे नाव मात्र दिलेले नाही आणि त्याला इस्राएली असेही कुठे म्हटलेले नाही. भांडणाच्या भरात तो परमेश्वराच्या नावाची निंदा करतो, त्याला अटकेत ठेवले जाते आणि मग निवाडा येतो की हा नियम उपऱ्याला आणि देशात जन्मलेल्याला सारखाच लागू आहे. त्याला दगडमार होतो.

हा धागा काढण्याचे कारण हीच हकिकत आहे. पुढच्या काळातल्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, नियमानुसार आई इस्राएली असलेला हा माणूस निःसंशय ज्यू ठरला असता. इथे तो तसा ठरत नाही, कारण या मजकुराच्या दृष्टीने माणसाची ओळख बापाकडून येते. पण तो परकाही नाही: तो छावणीत राहतो, त्याच देवाचे नाव घेतो, त्याच कायद्याखाली मरतो.

या विषयावर वाद घालणारे सहसा दोन बाजूंना उभे राहतात. इस्राएल म्हणजे याकोबाच्या (अब्राहामाचा नातू, त्यालाच पुढे इस्राएल हे नाव मिळाले) बारा मुलांचे रक्त, असे एका बाजूचे म्हणणे. इस्राएल म्हणजे करार स्वीकारून पाळणाऱ्यांचा समुदाय, असे दुसरीचे. दोघेही उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायाचा आधार घेतात, पण तो अध्याय कोणाच्याच बाजूने पुरता साक्ष देत नाही. तिथे अब्राहामाशी आणि त्याच्या ‘बीजाशी’ करार होतो आणि सुंता ही त्याची खूण ठरते. मात्र ही खूण घरात जन्मलेल्या दासांना आणि परक्यांकडून पैसे देऊन विकत घेतलेल्यांनाही करायची आहे, आणि ते ‘तुझ्या बीजाचे नाहीत’ असे मजकूर स्वतःच सांगतो. उलट इश्माएल हा अब्राहामाचा सख्खा मुलगा. तेरा वर्षांचा असताना त्याच दिवशी त्याचीही सुंता होते, आणि तरीही करार इसहाकाशी चालेल असे त्याच अध्यायात बजावले जाते. म्हणजे बीज नसलेल्यांना खूण मिळाली, आणि बीज व खूण दोन्ही असलेला वारसाबाहेर राहिला. पुढच्या पिढीत तर इसहाकाची जुळी मुले आहेत, याकोब आणि एसाव. एसावाचे वंशज ते अदोमी. ‘अनुवाद’ हे बायबलचे पाचवे पुस्तक अदोम्याला ‘तुझा भाऊ’ म्हणते, आणि तरी परमेश्वराच्या सभेत प्रवेश देते तो तिसऱ्या पिढीला.

माझे मत असे की बायबल वंश आणि निष्ठा यांना एकाच तराजूच्या दोन पारड्यांत ठेवत नाही. बाहेरून आलेल्याला ते कालांतराने नातेवाईक करून घेते. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचे गोत्र बदलते, आणि पुढे तो श्राद्धाला बसतो तेव्हा ज्यांची नावे उच्चारतो ते त्याचेच पितर असतात. त्याला कोणी ‘खरे पितर कोणते’ असे विचारत नाही, निदान तोंडावर तरी. कालेबाचे उदाहरण घ्या. गणना आणि यहोशवा या पुस्तकांत तो ‘कनिज्जी’ आहे, आणि कनाज हे नाव उत्पत्तीच्या ३६ व्या अध्यायात एसावाच्या वंशजांत येते. पहिल्या इतिहासाच्या दुसऱ्या अध्यायात कालेब थेट यहूदाच्या वंशावळीत, हेस्रोनाचा मुलगा म्हणून दिसतो. हा तोच कालेब की दुसरा, यावर वाद आहे. मला ती यादी दत्तकपत्रासारखी वाटते.

रेवदंडा

दत्तकाची उपमा चांगली असली तरी तिच्यात एक अडचण आहे, आणि ती जमिनीची आहे. गणना पुस्तकातल्या दोन्ही शिरगणत्या ‘वाडवडिलांच्या घराण्यांप्रमाणे’ होतात, देशाची वाटणी त्याच घराण्यांना होते, आणि विकलेली जमीन योबेल वर्षी (दर पन्नासाव्या वर्षी) मूळ कुळाकडे परत जाते. सलाफहादाच्या पाच मुलींना भाऊ नसल्यामुळे वारसा मिळाला, पण लगेच अट आली की त्यांनी बापाच्या वंशातच लग्न करावे, नाहीतर जमीन दुसऱ्या वंशाकडे जाईल. हे सगळे रक्ताच्या हिशेबावर चालते. उपऱ्याला न्याय मिळतो, शब्बाथाची (शनिवारची) विश्रांती मिळते, शेताच्या कडेचे धान्य वेचण्याचा हक्क मिळतो, सुंता केली तर वल्हांडणाच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) जेवणात पानही मिळते. सातबारा मात्र मिळत नाही. ज्याला जमिनीत वाटा नाही त्याला भावकीत धरले असे कोकणात तरी कोणी म्हणणार नाही.

मीमांसक

रेवदंडा यांच्या मुद्द्याला यहेज्केलाच्या ४७ व्या अध्यायाची शेवटची दोन वचने जोडावी लागतील. बाबेलच्या राजाने यहूद्यांना हद्दपार करून नेले, त्या बंदिवासातला हा संदेष्टा भावी देशाची वाटणी सांगताना म्हणतो की तुमच्यामध्ये राहून ज्यांना मुलेबाळे झाली अशा उपऱ्यांनाही वतन द्यावे, त्यांना देशात जन्मलेल्यांप्रमाणे मानावे, आणि ज्या वंशात तो उपरी राहत असेल त्याच वंशात त्याचा वाटा असावा. ही वाटणी प्रत्यक्षात झाली नाही हे मान्य. तरी सातबाऱ्यावर उपऱ्याचे नाव चढवावे असे म्हणणारा आवाज त्याच ग्रंथात आहे, आणि तो एका याजकाचा आहे, म्हणजे ज्या वर्गाचे सगळे अस्तित्व वंशावळीवर उभे होते त्या वर्गातला.

दुसरी गोष्ट शब्दाची. या चर्चेत ‘श्रद्धा’ हा शब्द आला की मी सावध होतो. हिब्रूतला ‘एमूना’ हा शब्द मनातल्या मान्यतेपेक्षा भरवशाला, टिकून राहण्याला जवळचा आहे. मराठीत मी त्याला निष्ठा म्हणेन. रानातल्या इस्राएलांना कोणी ‘तुमचा यावर विश्वास आहे का’ असे विचारून आत घेत नाही. त्यांना सुंता, वल्हांडण, शब्बाथ, सणांच्या तारखा, खाण्याचे नियम अशी करायची कामे दिली जातात. निर्गमाच्या १२ व्या अध्यायात त्यांच्याबरोबर मिसरमधून ‘मिश्र समुदाय’ बाहेर पडल्याची नोंद आहे. हे लोक कोण होते आणि काय मानत होते याची चौकशी मजकूर करत नाही, फक्त दहाच वचनांनंतर वल्हांडण खायचे तर काय करावे लागेल ते सांगतो. तेव्हा ‘वंश विरुद्ध श्रद्धा’ ही जोडीच मुळात नंतरची आहे. त्या काळची जोडी ‘जन्म आणि करार’ अशी म्हणता येईल.

अनुस्वार

आतापर्यंत सगळ्यांनी एज्राला, म्हणजे बंदिवासानंतर बाबेलहून यरुशलेमला आलेल्या याजक-शास्त्र्याला आणि त्याच्या नावाच्या पुस्तकाला, वळसा घातला आहे. तो टाळून ही चर्चा फारच सोज्ज्वळ होते.

बंदिवासातून परतलेल्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिच्या शेवटी तेल-मेलह, तेल-हर्शा वगैरे ठिकाणांहून आलेले ६५२ लोक आहेत, ज्यांना आपले घराणे दाखवता आले नाही, ‘आपण इस्राएलातले आहोत की नाही’ हेही दाखवता आले नाही. (नहेम्या या पुस्तकातल्या प्रतीत हाच आकडा ६४२ आहे.) त्यांना घालवून दिल्याचा उल्लेख नाही. याजकांपैकी काही घराण्यांची नावे मात्र वंशावळीच्या नोंदीत सापडली नाहीत, तेव्हा त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून दूर केले गेले, आणि उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र अन्न खाऊ नये असा हुकूम झाला. एकाच यादीत दोन न्याय दिसतात: सामान्य माणसाचा कागद हरवला तर चालतो, याजकाचा हरवला तर चालत नाही.

नवव्या अध्यायात मात्र एक नवीनच भाषा येते. आजूबाजूच्या लोकांच्या मुली केल्यामुळे ‘पवित्र बीज’ मिसळले, अशी तक्रार एज्राकडे येते. अनुवाद पुस्तकात परक्या सोयरिकीला विरोध आहे, पण त्याचे कारण ‘त्या तुझ्या मुलाला दुसऱ्या दैवतांकडे नेतील’ असे दिले आहे, म्हणजे निष्ठेचे आहे. एज्राच्या तोंडी तो प्रश्न बीजाचा झाला. पवित्रपणा, जो आधी याजकांच्या घराण्याचा विशेष होता, तो सगळ्या लोकांच्या रक्तात उतरवला गेला आणि त्याबरोबर याजकांवरची बंधनेही. दहाव्या अध्यायात नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळे लोक देवाच्या मंदिरासमोरच्या चौकात पावसात कुडकुडत बसलेले आहेत, आणि त्यांच्यासमोर बायका व त्यांच्यापासून झालेली मुले यांना सोडून देण्याचा प्रस्ताव आहे. त्यानंतर शंभरावर पुरुषांच्या नावांची यादी येते. त्या बायकांपैकी एकीचेही नाव नाही. त्यांच्यापैकी कोणी परमेश्वराला मानत होती का, वल्हांडण पाळत होती का, हे विचारलेलेही नाही. शिवाय ज्यांना ‘देशातले लोक’ म्हणून वेगळे काढले त्यांच्यातले काही बाबेलला कधी नेलेच गेले नव्हते अशा यहूदी शेतकऱ्यांचे वंशज असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर इथे वंशाचे नाव घेऊन बंदिवासाचा अनुभव हीच कसोटी लावली गेली.

गंमत अशी की याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, परतलेल्यांबरोबर ‘देशातल्या राष्ट्रांच्या अशुद्धतेपासून स्वतःला वेगळे करून आलेले’ सगळे जण वल्हांडण खातात. तीन अध्यायांपूर्वी दार उघडे होते.

आणि त्याच काळातला यहूदाचा सुभेदार नहेम्या तर तिसरीच कसोटी लावतो. अश्दोद या पलिष्टी शहरातल्या बायकांची मुले अर्धी अश्दोदी बोलतात, त्यांना यहूदी बोली येत नाही, म्हणून तो बापांना शाप देतो, काहींना मारतो, केस उपटतो. ना रक्त, ना करार, भाषा! आपल्याकडच्या परदेशस्थ पालकांनी हा अध्याय वाचताना जरा जपून वाचावा.

रेवदंडा

एज्राबद्दल अनुस्वार यांनी लिहिलेले बहुतेक मान्य आहे, पण एज्राला खलनायक करणे मला पटत नाही. राजा नाही, सैन्य नाही, इराणी साम्राज्याच्या एका कोपऱ्यातला छोटा प्रांत. अशा समाजाकडे स्वतःला टिकवण्याची साधने दोनच होती, ग्रंथ आणि सोयरीक. उत्तरेकडच्या राज्यातले जे लोक अश्शूरांनी हलवले, ते इतिहासात विरघळले.

माझ्या गावाजवळची गोष्ट सांगतो, कारण ती या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, परंपरा आहे. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, मराठी बोलू लागले, गावांवरून पेणकर, दिवेकर अशी आडनावे घेतली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांच्याजवळ लिखित वंशावळ नव्हती, तालमूद (रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) नव्हते. सुंता होती, शब्बाथ होता, ‘शमा’ प्रार्थना होती, एलियाहू हन्नाबीचा (एलिया संदेष्ट्याच्या नावाने करायचा) मलिदा होता. म्हणजे मीमांसक म्हणतात तशी करायची कामे होती. तरी त्यांच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेली संतती म्हणून दुसऱ्यांशी बेटीव्यवहार होत नसे. पुढे हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला, तेव्हा तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला निर्देश काढला की बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळल्याचा पुरावा पुरला नाही, आजीच्या आजीचा कागद हवा होता. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन झाले, क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) हा समाज सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचा असल्याची भूमिका घेतली, आणि निर्देशातून त्यांचे नाव काढावे लागले.

यावरून मला एवढेच म्हणायचे आहे की आतल्यांना वंशावळ हवीच असते. ती चूक की बरोबर हा भाग वेगळा.

बावखल

मी ख्रिस्ती घरातला आहे, त्यामुळे पौलाची, म्हणजे पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रेषिताची, बाजू मांडतो. ‘इस्राएलापासून झालेले सगळेच इस्राएल नव्हेत’ असे तो रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात म्हणतो आणि पुराव्यादाखल ताम्रपट यांनी दिलेलीच उदाहरणे देतो: इसहाक आणि इश्माएल, याकोब आणि एसाव. आमच्याकडच्या प्रवचनांत यावरून सरसकट असा निष्कर्ष काढला जातो की पौलाने वंश रद्द केला. मला तसे वाटत नाही. तोच पौल आपण बन्यामीन वंशाचे असून आठव्या दिवशी आपली सुंता झाल्याचे सांगतो. आणि गलतीकरांस पत्रात तो परराष्ट्रीयांना (ज्यू नसलेल्यांना) ‘तुम्हाला अब्राहामाची गरज नाही’ असे म्हणत नाही. तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचे बीज आहात, असे म्हणतो. म्हणजे ताम्रपट यांचे दत्तविधान तिथेही आहे, फक्त विधी बदलला.

रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायातली जैतुनाच्या झाडाची उपमा कलमे बांधणाऱ्या माणसाला चमत्कारिक वाटते. आपण रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधतो, कारण फळ काडीचे येते. पौल रानटी जैतुनाची फांदी लागवडीच्या झाडावर बांधतो. बागाइतदार असे करणार नाही. पण हे ‘निसर्गाच्या उलट’ आहे असे त्याने स्वतःच पुढे लिहिले आहे, तेव्हा त्याला बागकाम कळत नव्हते असे म्हणता येत नाही. मूळ फांदीला धरून ठेवते, फांदी मुळाला नव्हे, हे त्याला परराष्ट्रीयांच्या कानावर घालायचे होते.

ताम्रपट

बावखल, रायवळाचा मुद्दा फार आवडला.

रेवदंडा यांच्या ‘आतल्यांना वंशावळ हवीच असते’ या वाक्याला मी मिश्नाच्या, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाच्या, दोन जागांनी उत्तर देतो, कारण तिथे हाच प्रश्न आतल्यांनीच सोडवायला घेतला आहे. यादायीम प्रकरणात यहूदा नावाचा एक अम्मोनी धर्मांतरित अभ्यासगृहात येऊन विचारतो, मला सभेत प्रवेश आहे का? अनुवादाच्या २३ व्या अध्यायानुसार अम्मोनी आणि मवाबी ही शेजारची राष्ट्रे दहाव्या पिढीपर्यंतही वर्ज्य. रब्बान गमलिएल नाही म्हणतात. रब्बी यहोशुआ हो म्हणतात, आणि कारण देतात की अश्शूरचा राजा सन्हेरीब आला आणि त्याने सगळ्या राष्ट्रांची सरमिसळ करून टाकली, आता मूळचा अम्मोनी कोण हे कोणालाच सांगता येत नाही. प्रवेश मिळाला. नियम रद्द झाला नाही, पण ज्याला तो लागू करायचा तो माणूसच सापडेनासा केला.

दुसरी जागा बिक्कुरीम प्रकरणातली. पहिल्या पिकाची टोपली मंदिरात आणताना ‘आमच्या पूर्वजांना देऊ केलेल्या देशात मी आलो’ असे म्हणायचे असते. मिश्ना सांगते की धर्मांतरिताने टोपली आणावी पण हे वाक्य म्हणू नये, आणि प्रार्थनेतही ‘इस्राएलाच्या पूर्वजांचा देव’ असे म्हणावे. अर्पण मान्य, ‘आमच्या’ हा शब्द अमान्य. यरुशलेमी तालमूदात हे मत उलटवले गेले: अब्राहाम हा पुष्कळ राष्ट्रांचा पिता आहे, म्हणून धर्मांतरितही ‘आमचे’ म्हणू शकतो. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने मायमोनिडीस या ज्यू पंडिताला पत्राने नेमके हेच विचारले, आणि त्याने उत्तर दिले की सगळे शब्द जसेच्या तसे म्हण, काहीही बदलू नकोस. आम्ही आपले नाते अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याशी सांगतो, तू मात्र ज्याच्या शब्दाने जग झाले त्याच्याशी सांगतोस.

त्याच शतकातला ज्यू कवी-विचारवंत यहूदा हालेवी याच्या उलट लिहितो, हेही नोंदवतो: धर्मांतरित ईश्वराच्या जवळ येऊ शकेल, पण संदेष्टा होऊ शकणार नाही, कारण तो गुण याकोबाच्या संततीत उतरत आला आहे. वाद मिटला असा माझा दावा नाही.

मीमांसक

एक छोटी भर. ‘इस्राएल’ हे नाव बायबलबाहेर पहिल्यांदा मिळते ते मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात, इ. स. पू. १२०८ च्या सुमारास. तिथे आजूबाजूच्या नावांना देशदर्शक चिन्ह आहे, ‘इस्राएल’ला लोकदर्शक. त्या काळी हा गट रक्ताने बांधलेला होता की कराराने, ते त्या चिन्हावरून कळत नाही, पण मिसरी लेखनिकाच्या दृष्टीने तो जमिनीने बांधलेला नव्हता, एवढे खरे. रेवदंडा यांच्या सातबाऱ्यापूर्वीची ही नोंद आहे.

अनुस्वार

मी एज्रावर थांबले होते, म्हणून रूथवर, म्हणजे इस्राएली घरात सून होऊन आलेल्या मवाबी विधवेच्या पुस्तकावर, येऊन माझे म्हणणे पुरे करते. काही अभ्यासक हे पुस्तक एज्राला दिलेले उत्तर मानतात. काळ ठरवणे कठीण असल्याने मी त्यात शिरत नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास एक गोष्ट जाणवते.

रूथ सासूला, नामीला, जे बोलते त्यात लोक आधी येतात आणि देव नंतर: तुझे लोक ते माझे, तुझा देव तो माझा. ती जे बोलायचे ते पहिल्याच अध्यायात बोलून चुकली आहे, तरी लेखक तिला पुढेही ‘मवाबी रूथ’ म्हणत राहतो, शेतावरचा मुकादमही तिची ओळख मवाबी मुलगी अशीच करून देतो. चौथ्या अध्यायात वेशीवर दहा वडीलधाऱ्यांसमोर तिच्या सासऱ्याचा नातेवाईक बवाज तिला पत्करतो तेव्हाही तिचा उल्लेख मवाबी असाच होतो. त्यानंतरच्या वचनात वडीलधारी मंडळी तिला याकोबाच्या बायका राहेल आणि लेआ यांच्यासारखी होवो असा आशीर्वाद देतात, आणि तिथून पुढे ‘मवाबी’ हा शब्द पुन्हा येत नाही. ताम्रपट, तुमचे दत्तविधान इथे डोळ्यांसमोर होते, आणि ते रूथच्या उद्गारांनी पुरे होत नाही, वेशीवरच्या साक्षीदारांनी होते.

मूल झाल्यावर शेजारणी म्हणतात, ‘नामीला मुलगा झाला.’ रूथला नव्हे. मग शेवटी वंशावळ येते, पेरेसापासून दावीदापर्यंत नेमकी दहा नावे, सगळी पुरुषांची. वेशीवर बवाज म्हणाला होता की मृताचे नाव त्याच्या वतनावर कायम राहावे म्हणून मी हे लग्न करतो आहे. यादीत मात्र तिच्या मुलाच्या, ओबेदाच्या, आधी बवाजाचेच नाव आहे, मृत नवऱ्याचे, महलोनाचे, नाही.